शाळेच्या दोन वह्या

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं शाळेच्या इतिहासाविषयीं चार शब्द लिहावे, अशी ज्युबिली समितीनें आम्हांस विनंती केली. अशा लेखांची एक ठराविक रीत आहे. प्रथम जागा कोणी दिली तें सांगावें, मग पायाभरणीची व उद्घाटनाची तारीख द्यावी, त्यानंतर मुख्याध्यापकांची नामावळी, इमारतीच्या मजल्यांची हकीकत, शालान्त परीक्षेच्या निकालांचे आकडे, आणि शेवटीं देवाचे व दात्यांचे आभार मानावे. ही सर्व माहिती याच स्मरणिकेंत अन्यत्र, आमच्याहून अधिक माहितगार हातांनीं लिहिलेली, वाचकांस मिळेल. तिची पुनरुक्ति न करितां आम्हीं दुसरी वाट धरिली आहे.

शाळेच्या कचेरींत एक जुनें लोखंडी कपाट आहे. त्यांत दोन प्रकारच्या वह्या ठेविल्या आहेत. पहिली सूचनावही व दुसरी जनरल रजिस्टर. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत दुपारच्या वेळीं आम्ही त्या उघडून बसत असूं. एकींत शाळा काय बोलली तें लिहिलेलें आहे, आणि दुसरींत शाळेंत कोण आलें व कोण गेलें तें. या दोन्ही एकमेकींशेजारीं ठेवून वाचल्यावांचून शाळेचा इतिहास पुरा होत नाहीं, असें आमचें मत झालें. तें कसें झालें, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

परंतु वह्यांकडे वळण्यापूर्वीं, माध्यमिक शाळा ही संस्था आमच्या वसई प्रांतांत कोणत्या वाटेनें आली, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. विद्येची ओळख या भूमीस नवी नाहीं. सोळाव्या शतकांत, पोर्तुगीज अमलांत, वसईच्या कोटांत जेज्वीट धर्मगुरूंचें विद्यालय होतें. वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याचें बालपणचें शिक्षण याच धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें. पुढें तो जपानांत गेला, तेथील भाषा त्यानें चांगली आत्मसात केली व मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून काम केलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यानें क्रुसावर प्राण अर्पिले, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली. कोटांतील मठ व विद्यालयें ओस पडलीं, आणि त्यानंतर दीर्घकाळ येथील ख्रिस्ती समाजास उच्च विद्येचें तसें स्थान आपल्या गांवीं उरलें नाहीं.

आज आपण ज्यास माध्यमिक शिक्षण म्हणतों, त्याची घडण इंग्रजी अमलांतील आहे. १८५४ सालच्या वुड साहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व मान्य झालें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे त्याच पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. १८८२ सालच्या हंटर कमिशननें माध्यमिक शाळा चालविण्याचें काम सरकारनें हळूहळू खाजगी संस्थांकडे सोंपवावें अशी शिफारस केली. त्या काळच्या रचनेप्रमाणें मूल आधीं मराठी इयत्ता शिके. मग ज्याच्या घरीं ऐपत असे तो ‘इंग्रजी पहिलीं’त जाई व इंग्रजी सातवीनंतर मॅट्रिकला बसे. ज्याची ऐपत नसे तो मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल देऊन थांबे, आणि पुष्कळजण तेथवरहि पोंचत नसत.

१८६७ सालीं विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी सुरू झाली. ज्या गाडीनें वसईच्या वाड्यांतील माल मुंबईच्या बाजारांत जाऊं लागला, त्याच गाडीनें इंग्रजी शिकूं इच्छिणारा मुलगाहि जाऊं लागला. परंतु शहरांत राहण्याची सोय व खर्च हीं प्रत्येकाच्या आवाक्यांतील नव्हतीं. म्हणून गांवांत माध्यमिक शाळा निघणें याचा पहिला अर्थ साधा होता. अकराव्याबाराव्या वर्षीं मुलास विद्येसाठीं घर सोडावें लागेना, आणि मुलीस विद्या सोडावी लागेना.

दुसरा अर्थ कळावयास कांहीं काळ जावा लागला. वसईच्या क्याथॉलिक समाजांत सामवेदी, वाडवळ, कोळी असे निरनिराळे समाज आहेत. त्यांची बोली निराळी, जुना पेहराव निराळा, घरच्या चालीरीति निराळ्या. रविवारीं ते एका वेदीपुढें गुडघे टेकीत. परंतु एका बांकावर बसून एकाच पुस्तकांतील एकच धडा वाचावयाचा, आणि त्याच बांकावर शेजारीं हिंदु व मुसलमान सोबती असावयाचे, हा योग शाळेनें आणिला. घरीं कादोडी बोलणारा मुलगा व कोळीवाड्याची बोली बोलणारी मुलगी यांस एकमेकांशीं बोलण्यास शाळेंतील मराठी भाषा उपयोगी पडली. धर्मग्रामाचें ऐक्य प्रवचनांनीं किती झालें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. बांकांनीं बरेंच झालें, एवढें मात्र खरें.

पुढें परीक्षांचीं नांवें बदलत गेलीं. मॅट्रिकच्या जागीं १९४९ सालीं एस्.एस्.सी. परीक्षा आली. १९६६ सालीं राज्याचें माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वांत आलें. १९७५ सालीं नव्या रचनेंतील दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि अकरावीचा वर्ग शाळेंतून उठून कनिष्ठ महाविद्यालयांत गेला. असो. आतां वह्यांकडे वळूं.

सूचनावही काय असते हें शाळेंत शिकलेल्या कोणासहि सांगणें नलगे. मुख्याध्यापक सूचना लिहून खालीं सही करितात. शिपाई ती वही वर्गोवर्गीं नेतो. वर्गावरील शिक्षक शिकविणें थांबवून सूचना मोठ्यानें वाचतात व समासांत सही करून वही परत देतात. काम दोन मिनिटांचें. परंतु त्या दोन मिनिटांत फळ्यावरील गणित, भूगोलाचा नकाशा व संस्कृतचें रूप बाजूस राहून सबंध शाळा एकाच गोष्टीचा विचार करिते.

आणि गोष्टी तरी किती प्रकारच्या! उद्यां लस टोंचणारे येणार आहेत, मुलांनीं न्याहारी करून यावें. परीक्षेचे फॉर्म भरण्याची मुदत शनिवारीं संपते. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणानिमित्त शाळेस सुट्टी आहे. गौरीगणपतीची सुट्टी संपून शाळा अमुक वारीं उघडेल. एका माजी शिक्षकांचें निधन झालें आहे, अंत्यविधीस जाण्यासाठीं शेवटचे दोन तास होणार नाहींत. एका मुलीची छत्री हरवली आहे, ज्यास सांपडेल त्यानें कचेरींत आणून द्यावी. पावसाळ्यांतील एक सूचना वाचून आम्ही बराच वेळ थांबलों: पाऊस वाढत असल्यामुळें शाळा लवकर सुटेल, खाडीपलीकडील मुलांस प्रथम सोडावें. कोणत्या मुलाचें घर कोठें आहे व वाटेंत कोठें पाणी भरतें, हें ज्या शाळेस ठाऊक होतें, तीच अशी सूचना लिहूं शकते.

मराठी क्याथॉलिकांच्या दोन मासिकांचीं नांवें या ठिकाणीं आठवतात. १९०३ सालीं सुरू झालेलें ‘निरोप्या’ व १९५५ सालीं वसईंत सुरू झालेलें ‘सुवार्ता’. एका नांवाचा अर्थ निरोप पोंचविणारा, दुसऱ्याचा अर्थ चांगली बातमी. वृत्तपत्र ज्या घरीं कधीं येत नसे, तेथें शाळेंतून परतणारें मूल हेंच निरोप्या होतें. सूचनावहींतील वाक्य चार वाजतां वर्गांतून सुटे आणि दिवेलागणीपर्यंत आळींत, वाडींत व विहिरीवर पोंचे.

शाळेचें समाजजीवनहि या वहींत क्रमाक्रमानें उलगडतें. १५६३ सालीं रोमच्या जेज्वीट विद्यालयांत मरियेच्या सोडॅलिटीची स्थापना झाली; विद्यार्थ्यांनीं एकत्र येऊन प्रार्थना करावी व दुःखितांस भेटावें, हा तिचा मूळ परिपाठ. क्याथॉलिक शाळांतून तिच्या शाखा पसरल्या. १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, व पुढें गणवेशाच्या इस्त्रीसंबंधींच्या सूचना सोडॅलिटीच्या सभेच्या सूचनांशेजारीं दिसूं लागल्या. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, हस्तलिखित मासिकासाठीं सुवाच्य अक्षराच्या मुलांची निवड, निबंधस्पर्धा, नाताळचा गोठा करण्यासाठीं पेंढा कोण आणणार, हें सारें तेथें आहे. धर्मशिक्षणाच्या तासास ख्रिस्ती मुलें एका वर्गांत जात, इतर मुलांस नीतिशिक्षणाचा तास असे. अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणासहि त्याच्या किंवा पालकांच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवूं नये, असें भारतीय संविधानाचें २८ वें कलम सांगतें. हा दंडक जाचक आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. गोठ्याचा पेंढा बहुधा हिंदु घरांतूनच येत असे.

सूचनावही वाचून मन प्रसन्न होतें. एवढ्यावरच थांबलों असतों तर हा लेख येथें गोड शेवटाला आला असता. परंतु या वहीची एक मर्यादा आहे, आणि ती आमच्या ध्यानांत पुष्कळ उशिरा आली. सूचनावही हजर असलेल्यांशींच बोलते. जें मूल वर्गांत नाहीं, त्यास तिच्यांतील एकहि शब्द ऐकूं जात नाहीं; आणि तें मूल कां नाहीं, याची एकहि सूचना त्या वहींत कोणी लिहिलेली नाहीं. त्यासाठीं दुसरी वही उघडावी लागते.

जनरल रजिस्टर हा शाळेचा कायमचा दप्तरी कागद. इतर वह्या कालांतरानें नष्ट करितां येतात, हें रजिस्टर जपून ठेवावें लागतें. प्रत्येक मुलास एक क्रमांक व एक ओळ. पूर्ण नांव, धर्म व जात, जन्मस्थळ, आंकडी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, प्रगति, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, त्या वेळची इयत्ता, शाळा सोडण्याचें कारण, आणि शेरा. पांढऱ्या केसांचीं माणसें जन्मतारखेच्या उताऱ्यासाठीं आजहि कचेरींत येतात, तेव्हां हेंच रजिस्टर खालीं काढितात, आणि तीं माणसें आपल्या ओळीवरून बोट फिरवितात.

आम्ही ‘शाळा सोडण्याचें कारण’ हा रकाना वरून खालीं वाचीत गेलों. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या पुढें तसें स्पष्ट लिहिलेलें आहे. मधल्याच इयत्तेंतून गेलेल्यांपुढें मात्र पानेंच्या पानें एकच मजकूर येतो: पालकांच्या विनंतीवरून. अक्षर बदलतें, शाई बदलते, कारकून बदलतात. मजकूर बदलत नाहीं. प्रगति ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’, कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’. या मजकुरांत खोटें कांहीं नाहीं. पालक खरोखरच येऊन विनंती करीत. पण ती विनंती त्यांच्या तोंडून कोणी वदविली, तें सांगणारा रकाना रजिस्टरांत नाहीं.

तें समजण्यास तारखा पाहाव्या लागतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत गेलेलीं मुलें बहुधा आदिवासी पाड्यांतील. दिवाळी झाली कीं तीं कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. सातवीच्या वर्षअखेरीस गेलेल्या मुलींच्या ओळी जुन्या पानांवर दाट आहेत. त्या आमच्याच देवळांत रविवारीं दिसणाऱ्या मुली होत्या. धाकटीं भावंडें सांभाळावयास, वाडींत फुलें खुडावयास किंवा बाजाराची पाटी उचलावयास त्यांचे हात घरीं लागत. त्यांच्या भावांचीं नांवें त्याच रजिस्टरांत दहावी-अकरावीपर्यंत चालतात. हें दारिद्र्य होतें हें खरें. पण निवळ दारिद्र्य नव्हतें, कारण त्याच घरांतील एक मूल शिकत होतें.

येथें आम्हांस स्वतःविषयीं लिहिलें पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहायक असतां, कांहीं महिने तेथील शाळेच्या कचेरीचें काम आमच्याकडे आलें होतें. दिवाळीच्या सुट्टींत एके सकाळीं पाड्यावरील एक गृहस्थ आठवीतील मुलास घेऊन आले व दाखला मागूं लागले. आम्हीं विचारलें तें एवढेंच, कीं कांहीं बाकी आहे काय, आणि ग्रंथालयाचें पुस्तक परत केलें काय. मुलानें पिशवींतून पुस्तक काढून मेजावर ठेविलें. त्याला वर्तमानपत्राचें कव्हर घातलेलें होतें व एकहि पान दुमडलेलें नव्हतें. मग तो म्हणाला, “फादर, सहामाहीचा गणिताचा पेपर मिळेल का?” पेपर शाळा उघडल्यावर वर्गांत वाटावयाचे होते, तसें आम्हीं त्यास सांगितलें. तपासलेले गठ्ठे शेजारच्याच कपाटांत होते. उठून त्याचा पेपर काढून देण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. शाळा उघडली तेव्हां तो भट्टीवर होता. गांवांत मुलांचें वसतिगृह होतें. तेथें एक जागा मिळेल कीं काय, हें विचारण्याचेंहि आम्हांस सुचलें नाहीं. त्याच्या ओळींत कारण लिहिलें गेलें तें नेहमींचेंच, आणि तें आमच्या सांगण्यावरून लिहिलें गेलें.

या गोष्टीचा दोष आम्ही कोणत्याहि संस्थेवर ठेवीत नाहीं. नियमाप्रमाणें सारें यथास्थित झालें होतें. नियमाप्रमाणें यथास्थित होऊनहि एक मूल जातें, आणि दप्तर स्वच्छ राहतें, हें आम्ही त्या रजिस्टरावरून शिकलों.

यानंतर कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्यांकांच्या शाळांस त्याच्या कक्षेबाहेर ठेविलें. आपल्या संस्थांचे अधिकार सुरक्षित राहिले म्हणून पुष्कळांस त्या वेळीं समाधान वाटलें, व आम्हांसहि वाटलें. परंतु जें काम करण्याची सक्ति कायद्यानें केली नाहीं, तें आपण स्वखुषीनें करावें अशी अपेक्षा आपल्या धर्मानेंच आपल्याकडून केली आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ख्रिस्ती शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र काढिलें, त्यांत क्याथॉलिक शाळांनीं दरिद्री, कुटुंबाच्या मायेस पारखे व श्रद्धेच्या देणगीस अपरिचित अशा मुलांची विशेष काळजी वाहावी, असा स्पष्ट आदेश आहे. यांतील तिसऱ्या वर्गाचा उल्लेख वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा.

कारण आज आमच्यापुढें जो प्रश्न आहे, तो त्याच्याशीं निगडित आहे. गेल्या कांहीं वर्षांच्या रजिस्टरांत आमच्या क्याथॉलिक घरांतील नांवें मराठी तुकड्यांतून झपाट्यानें विरळ होत गेलीं आहेत. आपल्या लोकांनीं मुलांस इंग्रजी माध्यमांत घातलें, यांत त्यांचा अपराध नाहीं. पोटाची व पुढल्या पिढीची चिंता प्रत्येकास आहे. त्यांच्या जागीं पाड्यांवरील मुलें आहेत, बाहेरगांवाहून मजुरीस आलेल्या कुटुंबांतील मुलें आहेत. पट घटला कीं शिक्षकांचीं पदें अतिरिक्त ठरतात, आणि पदें कमी झालीं कीं पट आणखी घटतो. म्हणून धर्मग्रामाच्या सभेंत कधीं कधीं असा विचार निघतो, कीं मुलें आतां आपलीं राहिलीं नाहींत, तर ह्या तुकड्या चालविण्याचा खटाटोप कशासाठीं? असें म्हणणारे शाळेचे वैरी नव्हेत. त्यांनीं शाळेसाठीं घाम गाळला आहे. त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यांनीं एकदां कपाटांतील दोन्ही वह्या वाचाव्या. ज्या काळीं मुलें ‘आपलीं’ होतीं, त्या काळींहि त्यांतील कित्येक हातची गेलीं, आणि आपल्यास कळलें नाहीं. आज जीं वर्गांत बसलीं आहेत, त्यांस दुसरी शाळा नाहीं. आपलें मूल कोणतें, याचें उत्तर त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत शोधावयाचें, कीं त्यांच्या हजेरींत?

ज्युबिली हा शब्द आपण उत्सवाच्या अर्थानें वापरतों. त्याचें मूळ पवित्र शास्त्रांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. सात सप्तकें वर्षें संपल्यावर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दास मुक्त करावे, आणि ज्याची जमीन कर्जापायीं गेली असेल त्यानें आपल्या वतनांत परत यावें, अशी तेथें आज्ञा आहे. म्हणजे ज्युबिलीचा मूळ अर्थ परत येणें असा आहे. जे कधीं कोठें गेलेच नाहींत, त्यांनीं एकमेकांस हार घालणें हा त्याचा फार तर अर्धा भाग होईल.

म्हणून आम्हीं शाळेच्या व्यवस्थापनापुढें तीन गोष्टी ठेविल्या आहेत, व त्या मान्य झाल्या आहेत. पहिली: ज्युबिलीच्या स्नेहसंमेलनास शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसच नव्हे, तर मध्येंच शाळा सोडलेल्या सर्व माजी विद्यार्थ्यांस व विद्यार्थिनींस निमंत्रण जाईल. रजिस्टरावरून त्यांच्या याद्या करण्याचें काम नववीच्या मुलांनीं हातीं घेतलें आहे. दुसरी: यापुढें मधल्या इयत्तेंतील मुलाचा दाखला मागितला गेल्यास, त्यावर सही होण्यापूर्वीं वर्गशिक्षक व धर्मग्रामांतील एक व्यक्ति त्या घरीं जाऊन येईल. तिसरी: सूचनावहीच्या प्रत्येक पानावर खालीं एक ओळ राखली जाईल. आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाचें नांव वर्गशिक्षक तेथें लिहितील. तें वर्गांत वाचावयाचें नाहीं, पण वही परत कचेरींत आली कीं तें कोणाच्या तरी दृष्टीस पडेल.

ह्या ओळी ज्यांच्या हातीं पडतील त्यांपैकीं कोणाचें नांव त्या रजिस्टरांत ‘पालकांच्या विनंतीवरून’ कमी झालें असेल, तर त्यांनीं ज्युबिलीच्या दिवशीं संकोच न धरितां यावें. आपला क्रमांक व आपली ओळ त्या वहींत जशीच्या तशी आहे. आणि ज्यांस अशा कोणाचा ठावठिकाणा ठाऊक असेल, त्यांनीं निरोप्या होऊन आमचा हा निरोप त्यांस पोंचवावा. प्रभु आमची शाळा, तींत असलेलीं मुलें, व तींतून गेलेलीं मुलें, या सर्वांवर आपला वरदहस्त ठेवो.